आजीचा गांधार आणि माझी एक्सेल शीट

गेले तीन वीकेंड माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. नाव 'होमस्टुडिओ फायनल ४'. रकाने: माईक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, मिडी कीबोर्ड, सॉफ्टवेअर, किंमत, आणि 'घरी सांगायची किंमत'. (शेवटचा रकाना हाइड केलेला आहे.) रोज रात्री ऑफिसचं काम आटपलं की मी दोन रिव्ह्यू बघतो, एक ओळ हिरवी करतो आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ लाल करतो. आपल्या धंद्यात याला 'अ‍ॅनालिसिस' म्हणतात. आमच्या गावाकडे याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

पण यामागे एक कारण आहे, आणि ते एका कॅसेटमध्ये आहे.

१९९२ सालची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होतो. मामांचं गाव आमगावहून आत. तेव्हा तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. मामांनी तेव्हा नवाकोरा टू-इन-वन घेतला होता. कोऱ्या कॅसेटला पैसे कशाला घालवायचे म्हणून एका सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटच्या खाचेवर सेलोटेप चिकटवला (हे ज्यांना कळलं ते माझ्या पिढीचे!) आणि त्यावर आजीची रोवणीची गाणी भरून घेतली. आमच्याकडे पावसाळ्यात बांधीत परे रोवताना बाया ओळीने वाकून जी गाणी म्हणतात, ती. पहिल्या गाण्याला मामांनी पेटीची साथ केली. दुसऱ्या गाण्याच्या वेळी रेकॉर्डचं बटण सारखं वर उडायला लागलं, म्हणून मामा ते अंगठ्याने दाबून बसले आणि आजी एकटीच गायली. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच टेप संपते.

आजी १९९८ ला गेली. कॅसेट माझ्याकडे आहे. या दिवाळीत सगळ्या मावस-मामे भावंडांना त्याची चांगली प्रत द्यायची असं मी ठरवलं. नुसती प्रत नाही, 'प्रॉडक्शन' करून. खाली तानपुरा, मागे हलकेसे स्ट्रिंग्ज, जरासा ठेका. शिवाय मामा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, त्यांचीही पेटी नीट रेकॉर्ड करून घ्यायची. म्हणून ही शीट.

पहिली खरेदी फसली. एका मित्राच्या सल्ल्याने महागातला कंडेन्सर माईक घेतला. फ्लॅटमध्ये लावला, हेडफोन घातले... आणि मला शेजारच्यांचा कुकर, खालचा वॉचमन, लिफ्टचं दार आणि माझंच पोट एवढं सुस्पष्ट ऐकू आलं की मी घाबरलो. माईक उत्तमच होता. चूक खोलीची होती, म्हणजे पर्यायाने माझी.

दुसरा प्रयोग मात्र हसण्यावारी नेता येईना. आजीचं दुसरं गाणं मी सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलं. सॉफ्टवेअरने इमानदारीत तिचा प्रत्येक सूर जवळच्या 'बरोबर' सुरावर नेऊन बसवला. ऐकलं, आणि ती आजी नव्हती. कोणीतरी आजीसारख्या आवाजाची बाई शाळेच्या स्नेहसंमेलनात गात होती. मग मी मूळ गाण्यातले सूर मोजले. जुन्या टेपचा वेग कमीजास्त असतो, त्यामुळे तिची पट्टी नेमकी कुठली हे खात्रीने सांगता येत नाही. पण थोड्या वेळापुरता वेग स्थिर असला तर दोन सुरांमधलं अंतर बदलत नाही, कारण ते गुणोत्तर असतं. तर आजीचा गांधार पेटीच्या गांधाराच्या खाली होता. दर वेळी. आणि गंमत म्हणजे पहिल्या गाण्यात, जिथे मामांची पेटी सोबत आहे, तिथे ती हळूहळू पेटीच्या गांधारावर चढत जाते.

म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरने जे केलं, तेच मामांच्या पेटीने १९९२ ला केलं होतं. फक्त हळू, आणि प्रेमाने.

इथे मी शीट बंद केली आणि वाचायला लागलो. माईक कुठला घ्यावा हा प्रश्न बाजूलाच राहिला. आपल्या घरांत ही पेटी आली कशी, कोणी निवडली, आणि निवडताना काय सोडून दिलं, हे शोधत बसलो. त्याचीच ही गोष्ट.

*

हार्मोनियम आपली नाही हे आपल्याला शाळेतच सांगतात, पण मनाला पटत नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने या नावाच्या वाद्याचं पेटंट घेतलं. ते टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायचं वाद्य होतं. ज्या चर्चला पाइप ऑर्गन परवडत नसे त्यांची ती सोय. मिशनरी आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते भारतात आलं. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने (स्थापना १८७५) त्याला आपल्याकडच्या बैठकीला साजेसं रूप दिलं. पायाचा भाता काढून मागे हाताचा लावला, पाय उडवले, पेटी जमिनीवर आणली.

इंजिनिअरच्या नजरेने बघा, काय सुंदर रिफॅक्टरिंग आहे! आपल्याकडचा गाणारा मांडी घालून बसतो. आपल्या संगीतात एका वेळी एकच सूर महत्त्वाचा, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर हवेत असं नाही. मग डावा हात भात्याला मोकळाच आहे की. वजन कमी, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. आत पितळेच्या पात्या, म्हणजे रीड. त्यांच्यावरून हवा गेली की त्या थरथरतात. पातीची लांबी-जाडी ठरली की सूर ठरला. तंबोऱ्यासारखं दर अर्ध्या तासाला जुळवायला नको, सारंगीसारखी वीस वर्षं साधना नको. गुजरातमधलं पालिताणा तर पुढे या रीडसाठीच प्रसिद्ध झालं.

आता यातला तोटा. पातीचा सूर एकदा ठरला की ठरला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, या वाद्यात होत नाही. दुसरं म्हणजे सप्तकाचे बारा समान तुकडे. हे तुकडे युरोपच्या सोयीचे, कारण तिथे एकाच गाण्यात पट्टी बदलत राहते आणि प्रत्येक पट्टी सारखीच चालवून घ्यायची असते. पण कान तंबोऱ्यावर ठेवून गाणाऱ्याचा गांधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा असतो: १.२५. समान तुकड्यांच्या पेटीचा गांधार पडतो साधारण १.२६ वर. मोजायच्या एककात सांगायचं तर नैसर्गिक गांधार ३८६ सेंट, पेटीचा ४००. चौदा सेंटचा फरक, म्हणजे एका अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. (एकाच षड्जासाठी पेटी नैसर्गिक सुरांत जुळवून घेणारे जाणकारही असतात. पण मग पट्टी बदलली की पंचाईत.) आजीचा गांधार अगदी ३८६ वर होता असा माझा दावा नाही. लोकगीत गाणारा गळा आपलीच वाट चालतो. पण पेटीच्या ४०० वर तो नव्हता, एवढं नक्की.

हा फरक आपल्याकडच्या लोकांना कळला नव्हता असं अजिबात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करवली. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती लोकांसमोर मांडली. तिथे जमलेल्या विद्वानांना ती पटली नाही. श्रुती नेमक्या कुठल्या, यावरच एकमत नव्हतं तर पेटीवर काय होणार? मला देवल फार जवळचे वाटतात. रिकाम्या वेळात, आकडेमोड करून वाद्य सुधारू बघणारा माणूस. वीकेंड प्रोजेक्टच की. आणि बहुतेक वीकेंड प्रोजेक्टसारखंच तेही जगाने वापरलं नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचं काम पुन्हा हाती घेतलं आणि वाजवून दाखवलं, पण भजनाच्या घराघरांत अजून तीच जुनी बारा सुरांची पेटी आहे.

*

मग आला रेडिओ. १९३८ साली जॉन फाऊल्ड्स या इंग्रज संगीतकाराने, जो तेव्हा ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होता, हार्मोनियमवर कडाडून टीका करणारा लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही ही पेटी नकोशीच होती. रेडिओचे प्रमुख होते लायनेल फील्डन. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घातली गेली. इंग्रज गेले, बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते आपले बाळकृष्ण केसकर, त्यांनाही पेटी नको होती. (सिनेमाची गाणीही नको होती. त्यामुळे देश रेडिओ सिलोन ऐकायला लागला आणि १९५७ ला विविध भारती काढावी लागली, ती गोष्ट वेगळी.) ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही ती एकदम उठली नाही, टप्प्याटप्प्याने ढिली झाली. या मधल्या काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, म्हणजे महाराष्ट्रातला एक लाडका पेटीवादक अशा ऑफिसात बसत होता जिथे पेटीला मज्जाव होता.

आता मला सांगा, फाऊल्ड्सचं म्हणणं चूक होतं का? चौदा सेंट तर मी स्वतः मोजलेत. आजीला पेटीने वर ओढलेलं मी स्वतः ऐकलंय. तेव्हा मी मोठ्या उत्साहात मामांना फोन लावला आणि ही सगळी कथा ऐकवली. बंदीचं, श्रुतींचं, सव्वापटीचं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाचेबुवा, त्या टाइमले आपल्या गावात सारंगीवाला कोन होता?"

कोणीच नव्हता.

"मंग?" मामा म्हणाले. "पेटी होती म्हनून भजन होता. पेटी नसती त तुह्या आजीनं गाना तरी कोनाच्या समोर म्हटला असता?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे पूर्व विदर्भात गावागावांत भजनी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावं जागवली. हेच खंजिरीभजन ते १९५५ ला जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत घेऊन गेले. गावातल्या मंडळांत खंजिरी, टाळ आणि मधोमध पेटी. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री चार सूर धरून गाऊ शकतो, कारण पेटी सूर धरून ठेवते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ ला सुरू झालं. म्हणजे त्याच्या पहिल्या तेवीस वर्षांत गावातलं मंडळ तिथे गेलंच, तर ज्या वाद्याभोवती ते मंडळ जमलेलं आहे तेच बाहेर ठेवून गायचं. दिल्लीतल्या साहेबाने चौदा सेंट वाचवले, पण ते वाचवताना बाकी सगळं गाव दाराबाहेर राहिलं.

*

मामांचं पेटीचं ज्ञान भजनातलं नाही, नाटकातलं आहे. झाडीपट्टी रंगभूमीबद्दल पुण्या-मुंबईत अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा पट्टा. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात. दंडार होते, खडीगंमत होते आणि रात्रभर नाटक चालतं. देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या नाटकांच्या बुकिंगचं केंद्र. दंडार आणि झाडीबोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी मोठं काम करून ठेवलंय, आणि २०२३ साली झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

मामा अशा नाटकांत वीसेक हिवाळे ऑर्गन वाजवायचे. हातपेटी नव्हे, पायाने भाता मारायचा तो ऑर्गन. तो आमच्याकडे आला मराठी संगीत नाटकाच्या वळणाने. १८८० ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, पुढे गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाने 'मानापमान'ला (१९११) चाली दिल्या, बालगंधर्वांच्या जमान्यात ऑर्गन नाट्यगीताच्या साथीला रुळला. माईक नसलेल्या काळात त्याची निवड का झाली असेल हे मामांना विचारलं तर ते लगेच सांगतात: पाय भात्यावर, म्हणून दोन्ही हात मोकळे, म्हणून भरदार सूर, म्हणून मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. आणखी एक बारीक फरक. हार्मोनियम रीडवरून हवा बाहेर ढकलते, तर अमेरिकी पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज जरा गोल, मऊ येतो, गाणाऱ्याच्या अंगावर येत नाही.

मामांच्या मते वाद्य घेताना प्रश्न तीनच. एक, बैलगाडीवर चढते का. दोन, शेवटच्या माणसाला ऐकू जाते का. तीन, बिघडलं तर गावात दुरुस्त होते का. मी माझ्या एक्सेल शीटमध्ये सतरा रकाने केले होते. हे तीन त्यात नव्हते.

ऑर्गन पहिल्या प्रश्नावर कसाबसा पास होतो. म्हणूनच नव्वदच्या दशकात मामांच्या कंपनीने तो ठेवून दिला आणि कीबोर्ड आणला. आमच्याकडे कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणतात, कंपनी कोणतीही असो. जपानी कंपनीने कॅसिओटोन आणला १९८० साली. मग १९८५ ला रोलँडचा ऑक्टोपॅड आला. आठ चौकोनी रबरी पॅड, काठीने वाजवायचे, आणि त्यांच्यावरून ढोलकीपासून बंदुकीच्या गोळीपर्यंत सगळे आवाज काढता येत. झाडीपट्टीच्या नाटकात प्रवेशाप्रवेशाला 'ढॅण्' लागतो. त्यासाठी याहून सोयीचं काय असणार? तीनही प्रश्नांवर (दुरुस्तीचा सोडला तर) पैकीच्या पैकी. मामांनी एका सीझनमध्ये कीबोर्ड शिकून घेतला. मला वाटलं होतं ऑर्गन सुटल्याचं त्यांना वाईट वाटलं असेल. विचारलं, तर म्हणाले, "ऑर्गन उचलून उचलून कंबर गेली होती जी."

*

मशीन आली की मींड गेली, असं सरळ सूत्र मी मनात मांडत होतो. तेवढ्यात चरणजित सिंग आठवले आणि सूत्र मोडलं.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे वादक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. यातलं ३०३ हे बेस गिटार वाजवणारा माणूस नसेल तर त्याच्या जागी सरावाला वापरायचं म्हणून बनवलेलं. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजत नसे, त्यामुळे बाजारात आपटलं आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. म्हणजे जे पेटीला जमत नाही तेच. सिंगांनी या तीन यंत्रांवर दहा राग वाजवले, खाली डिस्कोचा ठेका ठेवला, आणि १९८२ ला एचएमव्हीने ती तबकडी काढली. कोणी फारसं विकत घेतलं नाही. पुढे १९८७ ला शिकागोत 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा प्रकार याच ३०३ च्या घसरत्या आवाजावर उभा राहिला. २०१० ला सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं की हा माणूस पाच वर्षं आधीच तिथे जाऊन आला होता. २०१५ ला ते गेले.

मला यात सिंग 'काळाच्या पुढे' होते यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यांना राग वाजवायचा होता, म्हणून मींड हवी होती. हवं काय ते आधी ठाऊक होतं, म्हणून त्या यंत्रात त्यांना ती दिसली. इतरांना त्यात वाईट बेस गिटार दिसली.

आणि ज्या सॉफ्टवेअरने माझ्या आजीला स्नेहसंमेलनात उभं केलं त्याचीही कुळकथा ऐका. ऑटो-ट्यून १९९७ ला आलं. करणारा अँडी हिल्डेब्रँड हा आधी तेल शोधणाऱ्या उद्योगात होता. जमिनीत धक्का द्यायचा, परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, हे त्याचं गणित. त्याच्याच नात्यातलं गणित पुढे गळ्याला लागलं. त्या गणितात चूक काही नाही. त्याला फक्त आधी सांगावं लागतं की 'बरोबर' सूर कुठले. मी सांगितलंच नाही, म्हणून त्याने फॅक्टरी सेटिंग घेतलं: सप्तकाचे बारा समान तुकडे. म्हणजे शेवटी पुन्हा युरोपचीच पट्टी. सूरमापक, सॉफ्टवेअर, कीबोर्ड, सगळीकडे तीच बसलेली आहे, आणि आपण बदलत नाही तोवर ती दिसतही नाही. डीफॉल्ट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कारणासाठी, आधीच करून ठेवलेली निवड. हे आपल्याइतकं अजून कोणाला कळायला हवं?

४४,१०० चंही तसंच. सेकंदाला आवाजाचे इतके नमुने घ्यायचे, हा सीडीचा आकडा काही कानाच्या शास्त्रातून थेट पडलेला नाही. दुप्पट वारंवारतेचा नियम पाळायला चाळीस हजारांच्या वर कुठलाही आकडा चालला असता. पण सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, आणि टीव्हीच्या ओळी नि चौकटींच्या हिशेबात ४४,१०० बरोबर बसत होता. सोय पाहिली, आकडा ठरला, आणि आपण तोच वापरतोय.

*

असो. तर शीटचं काय झालं?

मामांच्या तीन प्रश्नांत मी चौथा घातला: हे वाद्य किंवा यंत्र वाटेत काय सांडतं, आणि ते सांडलेलं मला चालणार आहे का? भजनात चौदा सेंट सांडले तर चालतात, कारण बदल्यात अख्खं गाव गाऊ लागतं. आजीच्या दुसऱ्या गाण्यात चालत नाहीत, कारण तिथे त्या चौदा सेंटांशिवाय माझ्याकडे तिचं दुसरं काहीच नाही.

मग निम्म्या ओळी आपोआप उडाल्या. कंडेन्सर माईक मित्राला दिला, त्याच्याकडे गादी-रजया लावलेली खोली आहे. मी साधा डायनॅमिक माईक घेतला. तो जवळचं ऐकतो आणि लांबच्याकडे काणाडोळा करतो. मामांच्या अंगणात कोंबड्या आहेत आणि समोर राईस मिल, तेव्हा तोच बरा. बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बंद कानाचे हेडफोन. सॉफ्टवेअर फुकटचं, २००० सालापासून चालत आलेलं ऑडॅसिटी. रेकॉर्डिंग २४ बिट, कॉम्प्रेस न केलेल्या फाईलमध्ये, दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी. वेळ दुपारी, मिल जेवायला बंद असते तेव्हा.

आजीच्या दुसऱ्या गाण्याला मी हात लावणार नाही. टेपचा खरखराट थोडा कमी केला, तोही बेताने, कारण जास्त केला की तिच्या 'स' आणि 'श' बरोबर श्वासही जायला लागला. तानपुरा, स्ट्रिंग्ज, ठेका, सगळं रद्द. पहिलं गाणं मात्र पेटीसकट तसंच ठेवतोय. आई आपल्या मुलाच्या पेटीकडे हळूहळू सरकत जाते, हेही खरंच झालेलं आहे. तेही उरायला हवं.

तिकीट काढलंय. महाराष्ट्र एक्सप्रेस, पुणे ते गोंदिया, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा. मंडईच्या आठवड्यात पोचतो. कालच मामांना फोन करून सगळा बेत सांगितला: त्यांच्या जुन्या पेटीसमोर माईक कसा ठेवणार, भात्याचा आवाज येऊ नये म्हणून बाजूने कसा धरणार, मी अगदी भारावून बोलत होतो. मामा ऐकत होते. मग म्हणाले,

"येतच हाय त माह्यासाठी एक कॅसिओ आनजो. भाता ओढून ओढून डावा खांदा दुखते."

तेव्हा मंडळी, 'मिडी कीबोर्ड' ही ओळ मी शीटमध्ये परत हिरवी केली आहे. फक्त एक अट घातली आहे: डाव्या बाजूला सूर वाकवायचं चाक पाहिजे. म्हणजे मींड काढता येईल. मामांना ते चाक दाखवीन, आणि बघू, आजीचा गांधार त्यांना अजून आठवतो का.